बर्नआउट

बर्नआउट म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं आलेला असा शीण जो एक रविवार झोप काढून जात नाही. सांगलीकडं याला वेगळा शब्द नाही, लोक म्हणतात "कशात मन लागंना", "जीव उबगलाय", "डोकंच चालंना". हे जास्त करून जीव तोडून काम करणाऱ्याला गाठतं आणि म्हणूनच ओळखायला उशीर होतो, कारण घरच्यांना वाटतं हा तर पहिल्यापासून कामाचा वाघ, याला काय होतंय.

हा शब्द या अर्थानं रूढ केला न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं, 1974 मध्ये. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि नंतर मोफत दवाखान्यात काम, असं करत तो स्वतःच यातून गेला होता. पुढं क्रिस्टिना मास्लाक आणि सुझान जॅक्सन यांनी 1981 मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली काढली. त्यात तीन गोष्टी बघतात: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटायला लागणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत तो आहे, पण आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून.

तासगाव भागातला द्राक्ष बागायतदार घ्या. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी झाली की माल निघेपर्यंत त्याला उसंत नसते, रात्री पाऊस झाला की डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं पहाटेच औषध फवारायचा ब्लोअर जोडायचा, वर सोसायटीचं कर्ज, मजुरांची जमवाजमव आणि व्यापारी काय दर देईल याचा घोर. आणि मग एखाद्या वर्षी हाच माणूस बांधावर गाडी उभी करून नुसता बसून राहतो, बाग समोर दिसत असते पण आत पाय टाकवत नाही, मजुरानं साधं "मालक, पाणी सोडू का" विचारलं तरी अंगावर येतो. त्याला स्वतःलाच याची लाज वाटते, मग तो काय करतो तर अजून एक तास लवकर उठतो. चूक इथंच होते. शीण आलाय आणि हा त्याच्यावर कामच लादतोय. अभ्यासिकेत चौथा अटेम्प्ट देणारी एमपीएससीची पोरं पण नेमकं हेच करतात, वाचलेलं डोक्यात शिरत नाही म्हणून झोप कापतात, मग आणखी शिरत नाही.

बरं होण्याबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, की चार दिवस महाबळेश्वरला जाऊन आलं की झालं. सुट्टीनं बरं वाटतं, खरं आहे, पण परत आल्यावर काम त्याच पद्धतीनं सुरू झालं तर तो उतारा टिकत नाही. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी सहा ठिकाणं सांगितलीत जिथं माणसाचं आणि कामाचं जमेनासं होतं: बोजा, हातातला अधिकार, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मनाला पटणं. यातलं नेमकं कुठं दुखतंय ते बघावं लागतं, कारण बोजा कमी केला पण घरात निर्णयाला किंमतच नसेल तर फरक पडणार नाही. काम संपल्यावर मनानं पण त्यातून बाहेर पडणं हे त्यातल्या त्यात हातातलं औषध, म्हणजे जेवताना दराचे मेसेज बघायचे नाहीत, झोपेची वेळ मोडायची नाही, आणि एखादं काम भावाला नाहीतर पोराला खरंच सोपवायचं, सोपवून मागं उभं राहायचं नाही. यात महिने पण जातात.

हाच बागायतदार माल निघाला की खरड छाटणीच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीच्या, आधी वेलीला विसावा देतो, पुढच्या सालासाठी तो लागतोच हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हिमोग्लोबिन किंवा बी-12 कमी असलं, थायरॉइड बिघडलं तरी पण थकवा येतो, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं. आणि कामच नाही तर जेवण, माणसं, सणवार, कशातच गोडी राहिली नाही किंवा जगणं नको वाटायला लागलं तर ते नैराश्य असू शकतं, तिथं थांबायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.