तारकीय कंपनशास्त्र

ताऱ्याच्या तेजस्वितेतील किंवा पृष्ठीय वेगातील सूक्ष्म नियतकालिक बदलांवरून त्याची आंतररचना, वस्तुमान व वय ठरविणारी खगोलभौतिकीची शाखा. सूर्याची सु. ५ मिनिटांची कंपने लेटन व सहकाऱ्यांना १९६०च्या दशकाच्या आरंभी आढळली. ती आत कोंडलेल्या ध्वनितरंगांमुळे होतात, हे उलरिच (१९७०) आणि लायबाकर व स्टाइन (१९७१) यांचे स्पष्टीकरण १९७५ मध्ये डॉयब्नर यांच्या निरीक्षणांनी पक्के झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे व एच. एम. अंटिया यांनी सौरकंपनांवर मोलाचे काम केले.

इतर ताऱ्यांसाठी कोरो (२००६), केप्लर (२००९) व टेस (२०१८) या अवकाश दुर्बिणी निर्णायक ठरल्या. कंपने सर्वांत जोरकस असतात ती वारंवारता (सूर्यासाठी सु. ३,०९० मायक्रोहर्ट्‌झ) पृष्ठीय गुरुत्वाशी निगडित असते, तर एकाच प्रकारच्या लागोपाठच्या कंपनांच्या वारंवारतांमधील अंतर (सूर्यासाठी सु. १३५ मायक्रोहर्ट्‌झ) सरासरी घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. तापमान माहीत असल्यास दोहोंवरून वस्तुमान मिळते. मात्र त्यात हे अंतर चौथ्या घाताने येते. त्यामुळे १ टक्क्याची चूक वस्तुमानात ४ टक्के होते, आणि लाल राक्षसी (उतारवयात फुगलेल्या) ताऱ्याच्या वयात १० टक्क्यांहून अधिक. असा तारा बहुतेक आयुष्य मुख्य क्रमावर (गाभ्यात हायड्रोजन जळण्याच्या अवस्थेत) घालवून आलेला असतो व तो काळ मूळ वस्तुमानावर ठरतो: वस्तुमान जितके जास्त, तितका तो कमी. म्हणूनच वस्तुमानावरून वय देणारी ही पद्धत आकाशगंगेच्या इतिहासासाठी इतकी मौल्यवान आहे.

केप्लरच्या नोंदींनुसार जाड तबकडीतील (आकाशगंगेच्या चकतीच्या जाड, जुन्या थरातील) लाल राक्षसी तारे सु. १,१०० कोटी वर्षांचे आहेत. रासायनिक दृष्ट्या त्यांच्यासारखेच, पण वस्तुमान जास्त असल्याने तरुण भासणारे काही तारे २०१५ मध्ये आढळले. ते आकाशगंगेच्या मध्यदंडाजवळ (मध्यभागीच्या ताऱ्यांच्या लांबट पट्ट्याजवळ) जन्मून बाहेर सरकले असावेत, असे एक मत आहे. जोडीदाराकडून द्रव्य मिळाल्याने किंवा दोन तारे एकत्र आल्याने ते जड झाले, हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तसे असल्यास त्यांचे तारुण्य आभासी ठरते.

दक्षिण आकाशातील न्यू इंडी या नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्याचे वय टेसच्या साहाय्याने सु. १,१०० कोटी वर्षे निघाले (चॅप्लिन व इतर, २०२०). गाया-एन्सेलॅडस ही लहान दीर्घिका आकाशगंगेत विलीन होताना त्याची कक्षा विस्कळीत झाली असावी. म्हणजे तेव्हा हा तारा अस्तित्वात होता; त्यावरून, वयातील अनिश्चितता धरता, हे विलीनीकरण बहुधा १,१६० कोटी वर्षांपूर्वीच्या आधी सुरू झाले नसावे. धातू (हीलियमहून जड मूलद्रव्ये) अत्यल्प असलेल्या, आकाशगंगेभोवतीच्या प्रभामंडलातील ताऱ्यांना मात्र वरील सूत्रे दुरुस्तीविना लावल्यास वस्तुमान अवास्तव जास्त येते, असे २०१४ मध्ये दिसून आले आहे.