आधी हाडाचा आधार, मग कातडी

पहिल्या महायुद्धात खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाचं शरीर मातीआड असायचं, पण मान वर काढली की गोळी चेहऱ्यावरच यायची. तोफगोळ्याच्या एका तुकड्याने जबडा, नाक, गाल उडून जायचे. पुढे पोलादी शिरस्त्राणं आली. एरवी जागीच मेला असता असा माणूस आता अर्ध्या चेहऱ्यानिशी इस्पितळात पोचू लागला. जिवंत, शुद्धीवर, पण ना बोलता येतंय, ना गिळता. अशा 3,000हून अधिक जखमींवर व्हराझ्ताद कझान्जियान या आर्मेनियन माणसाने उपचार केले. त्या वेळी ते शल्यविशारद नव्हते, दंतवैद्य होते. त्यांच्या यशाचं मूळ मला यातच दिसतं.

त्यांचा जन्म 1879चा, ऑटोमन साम्राज्यातल्या एर्झिंजान गावचा. तिथे आर्मेनियन लोकांच्या कत्तली सुरू झाल्या होत्या, त्याच काळात, 1895मध्ये हा सोळा वर्षांचा मुलगा अमेरिका गाठून वूस्टर शहरातल्या तारेच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसा कारखाना आणि रात्री शाळा, असं करत त्यांनी हार्वर्डच्या दंतवैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि 1905मध्ये पदवी घेतली. मोडलेले जबडे बसवण्यात त्यांचा हात चांगला बसला. डोक्या-हनुवटीभोवती बाहेरून पट्ट्या आवळण्याऐवजी ते तोंडाच्या आत, दातांनाच धरून बसेल असा आधार बनवत.

1915मध्ये हार्वर्डचं वैद्यकीय पथक फ्रान्सला गेलं, त्यात ते होते. पथकाची मुदत तीन महिन्यांची होती. ती संपली, बाकीचे परतले, पण ब्रिटिश सैन्याने कझान्जियानांना थांबवून घेतलं आणि ते 1919पर्यंत तिथेच राहिले.

ते नेमकं काय करत, हे समजायला आधी खालच्या जबड्याकडे पाहायला हवं. जीभ पुढच्या बाजूने याच हाडाला बांधलेली असते. हनुवटीचा भाग उडाला की जिभेचा तो आधार सुटतो. अशा जखमीला उताणं झोपवलं तर जीभ मागे घसरते, श्वासनलिकेचं तोंड बंद होतं आणि माणूस गुदमरतो. त्याला पुढे वाकवून बसवणं किंवा पालथं ठेवणं, एवढ्यानेही जीव वाचू शकतो. दुसरा घोळ स्नायूंचा. मधलं हाड गेलं की दोन्ही बाजूंचे उरलेले तुकडे स्नायू आत खेचतात. अशा वेळी घाईने कातडी ओढून टाके घातले तर जखम बंद दिसते, पण आतला व्रण आकसत जातो. काही आठवड्यांत हनुवटी आत ओढली जाते आणि तोंड नीट उघडत नाही. मेढी न रोवता वर मांडवाचं कापड टाकावं, तशातली ती गत.

कझान्जियान आधी मेढी रोवत. उरलेल्या दातांचा साचा घ्यायचा, त्यावरून धातूची पट्टी किंवा गंधक घालून कडक केलेल्या रबराचा आधार घडवायचा, हाडाचे तुकडे मूळ जागी धरून ठेवायचे आणि गेलेल्या हाडाची पोकळी त्या आधाराने भरून राखायची. त्यावर मऊ भाग जुळवायचा. कवळी बनवणाऱ्याला हे विचारावं लागत नाही, कारण ओठ आणि गाल आतल्या दात-हाडांवर उभे असतात हे तो रोज बोटांनी पाहत असतो. चेहऱ्याला रक्तपुरवठाही भरपूर, त्यामुळे आकार राखला तर तिथल्या जखमा चांगल्या भरून येतात.

ब्रिटनच्या राजाने त्यांचा सन्मान केला. परतल्यावर, चाळिशीत, ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि 1921मध्ये त्यांनी हार्वर्डमधून वैद्यकाची पदवी घेतली. त्याच विद्यापीठाने 1941मध्ये त्यांना प्लास्टिक सर्जरीचे पहिले प्राध्यापक नेमलं. इतकं नाव झाल्यावर पुन्हा पहिल्या बाकावर बसायला फार मोठं मन लागतं.

1931मध्ये त्यांना व्हिएन्नाला नेण्यात आलं, मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्यासाठी. कर्करोगामुळे फ्रॉइडच्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा भाग काढला होता. तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच गेल्यावर अन्न नाकात शिरतं, बोलणं अस्पष्ट होतं, म्हणून तिथे कृत्रिम टाळू बसवावी लागे, आणि ती सतत टोचायची. कझान्जियान सुमारे तीन आठवडे त्या कामात होते. त्यातून फ्रॉइडना थोडा आराम मिळाला, पण त्रास पुरता गेला नाही.

मराठी वाचकाने आवर्जून पाहावं असं कझान्जियानांचं काम मात्र नाकाचं आहे. त्यासाठी आधी एक जुनी हकिकत. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी या गाडीवानाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ते कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवलं आणि ती हकिकत 1794मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. मेणाचं नाक करून, ते सपाट करून कपाळावर त्याची आखणी केली होती. सोडवलेली कातडी भुवयांमधल्या पट्टीशी जोडलेली ठेवून खाली वळवली होती आणि जखमेवर कात (विड्यात घालतात तो) लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या. भुवयांमधली ती कातडीची पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापत. तोवर नव्या जागेतून रक्त मिळू लागलेलं असे.

या पद्धतीत कपाळावर मोठा व्रण राही. कझान्जियानांनी 1946मध्ये मांडलेल्या तंत्रात कपाळाच्या मधोमध उभी, अरुंद पट्टी घेतली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिला पोसतात, आणि पट्टी अरुंद असल्याने दोन्ही कडा ओढून कपाळ तिथल्या तिथे शिवता येतं. मागे एक उभी रेघ राहते. त्वचेच्या कर्करोगात नाकाचा भाग काढावा लागला तर शल्यविशारद आजही बऱ्याचदा कपाळाचीच कातडी वळवतात. फक्त पट्टी मध्यापासून किंचित बाजूला, थेट एका रक्तवाहिनीवर धरतात आणि साधारण तीन आठवड्यांनी तिचा देठ कापतात.