कच्च्या कैद्याची एक-तृतीयांश मुदतीवर सुटका : कोण पात्र, अर्ज कसा करायचा

सांगलीच्या गणेशदुर्गातल्या जिल्हा कारागृहात मुलाखतीला आलेले नातेवाईक विचारतात, "नवीन कायद्यात एक-तृतीयांश काढलं की सोडतात म्हणे, मग आमच्या पोराला का नाही?" उत्तर बहुतेक वेळा एफआयआरमधल्या कलमात असतं.

कच्च्या कैद्यांसाठीची, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच कोठडीत असलेल्यांसाठीची, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गुन्हा त्याआधीचा असला तरी लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे. त्यामुळे "तुमची केस जुनी आहे" एवढ्यावर कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका.

पूर्वी कधीच शिक्षा झाली नसेल, तर गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सुटका. इतरांना निम्म्या काळानंतर जामीन. हिशेब मात्र कमाल शिक्षेवर होतो, प्रत्यक्षात किती होईल यावर नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या फसवणुकीच्या कलम ४२० ला सात वर्षं, म्हणजे एक-तृतीयांश दोन वर्षं चार महिने.

न्यायालयाचे हात बांधले जातात ते इथे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा असेल तर हे कलम लागूच होत नाही. गावातल्या एकाच भांडणात त्याच जुन्या संहितेचं कलम ३२४ (हत्याराने साधी दुखापत) लागलं तर कमाल तीन वर्षं, म्हणून वर्षभराने अर्ज करता येतो. पण कोयत्याने गंभीर दुखापत होऊन ३२६ लागलं की त्यात जन्मठेपेची तरतूद आहे, दार बंद. मग नेहमीचा जामीन अर्जच करावा लागतो. दुसरी अडचण म्हणजे एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असणं. एकाच एफआयआरमध्ये दोन-तीन कलमं असली तरी सरकारी वकील त्यावर बोट ठेवू शकतात, म्हणून वकिलांनी तयारीने जावं. आरोपीमुळे लांबलेल्या तारखांचे दिवसही वजा होतात. शिवाय कारणं लिहून न्यायालय निम्म्यापेक्षा जास्त काळ आत ठेवू शकतं. कमाल शिक्षेइतका काळ भरला की मात्र कुणालाच ठेवता येत नाही.

मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज पाठवणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे. तरी त्यांच्यावर विसंबून बसू नका. खटला जिथे चालू आहे त्याच न्यायालयात, तासगाव असो की कराड, वकिलामार्फत अर्ज द्या. सोबत कारागृहाचा कोठडीचा दाखला, एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रत, पूर्वी शिक्षा नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणि रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झालं याच्या नोंदीच्या, नकला जोडा. रोजनामा सर्वांत महत्त्वाचा, कारण तारीख कुणामुळे पुढे गेली हे त्यातूनच सिद्ध होतं. न्यायालयाने जामीनदार मागितला तर त्याचं आधारकार्ड, रेशनकार्ड, सात-बारा किंवा घराचा उतारा तयार ठेवा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जतहून एसटीने यायचं तर आधी १५१०० वर फोन करून काय आणायचं ते विचारा, एक खेप वाचेल.

शिक्षा लागल्यानंतर ४७९ चा उपयोग नाही. तेव्हा आधी आत काढलेले दिवस कलम ४६८ खाली शिक्षेतून वजा होतात, आणि त्यासाठीही हाच कोठडीचा दाखला लागतो.