रेप्लिका स्पोर्ट्स कारसाठी लाकडी डॅशबोर्ड: ऑर्डर देण्याआधी हे वाचा

आमच्या कार्यशाळेत रेप्लिकाचं, म्हणजे जुन्या गाडीच्या नव्याने बांधलेल्या प्रतिकृतीचं, काम घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: अक्रोड घ्यावा की साग? आम्ही तो थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगतो. गाडी कोणती आणि ती कशी वापरणार, हे आधी ठरलं पाहिजे. मग लाकडाच्या पाठीमागे कोणता बोर्ड लावायचा ते ठरतं. वर दिसणारं लाकूड निवडणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम. डॅशबोर्ड किती वर्षं टिकेल हे मात्र न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असतं, म्हणून या पत्रकात त्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मूळ गाडीत लाकूड होतं का?

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटली की लाकडी डॅशबोर्ड डोळ्यांपुढे येतो, पण सगळ्या गाड्यांना तो नव्हता. एसी कोब्राचा डॅशबोर्ड सपाट आणि काळ्या आवरणाचा होता. लाकूड होतं ते स्टीअरिंगच्या कड्याला. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मधली पट्टी अ‍ॅल्युमिनियमची होती आणि पुढे ती काळी झाली. पोर्शे ३५६ मध्ये बॉडीच्या रंगाचा पत्रा होता. १९४८ साली आलेल्या जॅग्वार एक्सके १२० ची गंमत अशी की उघड्या दोन आसनी गाडीचा डॅशबोर्ड चामड्याने मढवलेला होता, तर त्याच गाडीच्या बंद कूपेत अक्रोडाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पदर.

लाकूड खरोखर शोभतं आणि मूळ गाडीशी जुळतं अशाही गाड्या आहेत. १९६२ ची लोटस एलान, १९६५ ची ट्रायम्फ टीआर४ए आणि तिच्यानंतरची टीआर६, ऑस्टिन-हीली ३००० ची शेवटची, मार्क थ्री आवृत्ती. यांपैकी एखादी बांधत असाल तर लाकडाबद्दल दुसरा विचार करू नका.

कोब्राची रेप्लिका असेल आणि तरीही लाकूड हवं असेल, तर आम्ही करून देतो. गाडी तुमची आहे. पण ‘अगदी मुळासारखी’ गाडी हे तुमचं ध्येय असेल, तर काळं चामडं आणि लाकडी स्टीअरिंग यांची जोडी घ्या, असं आम्ही मनापासून सांगतो, भले त्यात आमचं काम कमी होत असेल.

पाठीमागचा बोर्ड

‘घरात जुन्या सागाची जाड फळी आहे, त्यातूनच डॅशबोर्ड कापा,’ अशी मागणी अनेकदा येते. फळी उत्तम असते, तरीही आम्ही नाही म्हणतो. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रेषेला आडवं मात्र हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. पुण्यात मार्च-एप्रिलची हवा कोरडी ठणठणीत आणि जुलै-ऑगस्टची दमट. लाकडातल्या ओलाव्यात पाच-सहा टक्क्यांचा फरक पडला, तर अडीचशे मिलिमीटर रुंद सागाची फळी दोन-तीन मिलिमीटरने कमीजास्त होऊ शकते. अशा फळीत मीटरसाठी पाच-सहा मोठी भोकं पाडली आणि ती चारही बाजूंनी स्क्रूने आवळली, की ती कुठेतरी बाक धरते, नाहीतर दोन भोकांच्या मधल्या अरुंद जागी चिरते. त्या फळीचं व्हिनिअर कापून घेता येत असेल तर घ्या, किंवा तिचा गिअरचा गोळा आणि दाराच्या पट्ट्या करा. आजोबांच्या घरातलं लाकूड गाडीत राहील आणि डॅशबोर्डही सरळ राहील.

डॅशबोर्डाचा बोर्ड प्लायचाच असावा. प्लायमध्ये एका पदराच्या रेषा दुसऱ्या पदराच्या रेषांना काटकोनात असतात, त्यामुळे पदर एकमेकांना हलू देत नाहीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये ‘वॉटरप्रूफ’ म्हणून बऱ्याच गोष्टी मिळतात. तुम्ही शिक्का बघा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ हा फर्निचरच्या साध्या प्लायचा क्रमांक आहे, मरीन प्लायवर आयएस ७१० लिहिलेलं असतं. आयएस ७१० च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि त्याचे पदर सुटता कामा नयेत. उघड्या गाडीला आम्ही दुसरा प्लाय वापरत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत एकदा छत उघडं राहिलं तरी पाणी कुठवर जातं, हे तिकडे गाडी नेणाऱ्याला सांगायला नको.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, सपाट असतो, कापायला सोपा असतो, स्वस्तही असतो. पण मीटरच्या भोकाच्या कडेतून पाणी एकदा आत शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. दुसऱ्या कोणी एमडीएफवर करून देतो म्हटलं तर निदान कडा कशाने बंद करणार ते विचारा.

जाडी साधारण नऊ मिलिमीटर पुरते. पॅनल लांब असेल आणि मधे आधार नसेल तर बारा. आमची स्वतःची पसंती सहा मिलिमीटर प्लायच्या पाठीमागे दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवण्याची आहे. खर्च वाढतो, पण दोन मोठे फायदे होतात: पॅनल बाक धरत नाही, आणि अपघातात लाकूड फुटलंच तर त्याच्या फाका पत्र्याला धरून राहतात, माणसाच्या अंगावर येत नाहीत. पत्रा नसेल तेव्हा आम्ही पाठीमागेही व्हिनिअर लावतो, अगदी साधं. ते कोणालाच दिसणार नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी गाळतात. एकाच बाजूला व्हिनिअर आणि पॉलिश असलं की दोन बाजू ओलावा वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि बोर्ड पापडासारखा वळतो.

डिंकाचंही तसंच. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्ड सत्तर अंशांपर्यंत तापू शकतो, आणि फर्निचरचा साधा पांढरा डिंक त्या तापमानाला मऊ पडतो. मग व्हिनिअरला फुगे येतात. उष्णता सहन करणारा रेझिनचा डिंक लागतो, आणि साग असेल तर चिकटवण्याआधी त्याचा तेलकटपणा थिनरने पुसून काढावा लागतो.

आता लाकूड

गाठीचा अक्रोड सर्वांत जास्त मागितला जातो आणि तो दिसतोही राजस. झाडावरच्या गाठीतून निघाल्यामुळे त्याच्या रेषा सरळ न जाता भोवऱ्यासारख्या फिरतात. लागोपाठ कापलेले दोन पदर पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मधोमध जोडले की डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब होते. पण तुमच्या गाडीत डावीकडे सामानाचा खण आणि उजवीकडे मोठी दोन मीटर असतील, तर ती जोडणी अर्धीअधिक भोकांतच जाते. अशा वेळी सरळ रेषांचा साधा अक्रोड घ्या. पैसे वाचतात आणि पॅनल शांत दिसतं.

अक्रोड उन्हाने हळूहळू फिका होतो. म्हणून खणाचं झाकण, मधली पट्टी आणि दाराच्या पट्ट्या एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून कापून घ्याव्यात. दोन वर्षांनी जोडलेला तुकडा वेगळा ओळखू येतो. आम्ही उरलेलं व्हिनिअर तुमच्या नावाने ठेवून देतो, पुढे दुरुस्तीला तेच लागतं.

सागाला इथे कमी लेखतात, कारण तो दारं-खिडक्यांत रोज दिसतो. सरळ रेषांचा साग एलानसारख्या साध्या, आडव्या डॅशबोर्डाला फार छान दिसतो, आणि ओलावाही चांगला सोसतो. शिसव गडद आणि भारदस्त, पण छोट्या केबिनमध्ये काळ्या मीटरांसह सगळंच काळोखं होतं. फिकट आसनं असतील तरच घ्या. लाकडासारखी छापील फिल्म आम्ही लावत नाही.

मीटर, स्विच आणि वायरिंग

नव्या क्लासिक मीटरांत मोठे ८० मिलिमीटरचे आणि छोटे ५२ मिलिमीटरचे, ही मापं सर्रास मिळतात. जुने, मूळ गाडीतून काढलेले मीटर मात्र याच मापाचे असतील असं नाही. त्यामुळे कॅटलॉगमधल्या आकड्यावर आम्ही भोक पाडत नाही. मीटर हातात आल्यावर मोजतो, थोडी मोकळीक ठेवतो, आणि भोकाची कड सीलरने बंद करतो. व्हिनिअर चिरू नये म्हणून भोक पुढच्या बाजूने राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, काढतो.

टॉगल स्विचची आटे असलेली मान आखूड असते. ती पत्र्यासाठी बनवलेली असते, नऊ मिलिमीटर लाकडासाठी नाही. म्हणून पाठीमागून त्या जागी लाकूड खोदून तीनेक मिलिमीटर ठेवावं लागतं. इग्निशनच्या कुलपाचंही तेच. पॉलिश झाल्यानंतर हे लक्षात आलं तर नव्या पॅनलवर पटाशी चालवावी लागते, म्हणून सगळे स्विच आम्ही सुरुवातीलाच मागतो.

सर्वांत जास्त डोकेदुखी अर्थिंगमुळे होते. पत्र्याच्या डॅशबोर्डात मीटर पत्र्याला टेकला की त्याची अर्थ बॉडीतून मिळायची. लाकडातून वीज जात नाही, आणि तुमच्या रेप्लिकाची बॉडी फायबरची असेल तर तिच्यातूनही नाही. प्रत्येक मीटरला, प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थची वायर द्या आणि ती सगळी चासीवरच्या एका स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागी न्या. हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलत असेल, किंवा इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा मिणमिणत असेल, तर मीटर बदलण्याआधी अर्थ तपासा.

केबलवर चालणारा स्पीडोमीटर असेल तर त्याच्या पाठीमागे केबलला सावकाश वळायला जागा लागते. तिथेच वायपरची यंत्रणा असते. बॉडी तयार होऊन वायपर बसल्यावरच आम्ही शेवटचं माप घेतो.

माप घेताना तुम्ही स्वतः या. पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड लावून, तुमचं स्टीअरिंग बसवून, तुम्हाला तुमच्या आसनावर बसवतो आणि मीटर कड्याच्या आडून दिसतात का ते बघतो. उंच माणसाला आणि बुटक्या माणसाला वेगळं दिसतं. वेग आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा मान न हलवता दिसले पाहिजेत. तेलाचा दाब आणि तापमान मधे असले तरी चालतात.

पॉलिश

लाखेचं फ्रेंच पॉलिश सुंदर दिसतं, पण उष्णतेने मऊ होतं आणि पाण्याने पांढरे डाग पडतात. ते दिवाणखान्यात ठेवा. गाडीला दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हवं, आणि त्यात अतिनील किरण अडवणारा घटक असलेला टॉपकोट हवा.

चकचकीत की मॅट? टीआर४ए चकचकीत होती, टीआर६ मॅट. पुण्याच्या दुपारच्या उन्हात उघडी गाडी चालवायची असेल तर आम्ही सॅटिन, म्हणजे दोन्हींच्या मधली चमक, सुचवतो. आरशासारख्या पॅनलवरची तिरीप थेट डोळ्यांत येते. प्रदर्शनासाठी गाडी ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात पीयूचं काम आम्ही शक्यतो घेत नाही. पीयू कडक करणारा घटक, हार्डनर, हवेतल्या ओलाव्याशीही क्रिया करतो आणि बारीक फुगे येतात. मेच्या मध्यापर्यंत पॅनल रंगवायला आलं तर ठीक, नाहीतर ऑक्टोबर. शेवटचा हात मारल्यावर पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा जातो, तोवर मीटर आवळू नका.

सुरक्षितता आणि कागदपत्रं

डॅशबोर्डाची खालची कड गुडघ्यापुढे येते. ती आम्ही गोल करतो, टोकदार ठेवत नाही, मूळ गाडीत टोकदार असली तरी. ज्या गाडीचे भाग वापरताय तिच्यात प्रवाशाच्या बाजूला एअरबॅग असेल आणि ती चालू ठेवायची असेल, तर तिच्यावर लाकूड लावायला आम्ही स्पष्ट नकार देतो.

नोंदणीचा प्रश्न डॅशबोर्डाच्या आधी सोडवा. नोंदणी झालेल्या गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि रेप्लिका रस्त्यावर आणायची असेल तर आरटीओशी सुरुवातीलाच बोलणं भाग आहे. ते ठरल्याशिवाय महागाचा अक्रोड कापायला सांगू नका.

पहिल्या भेटीला येताना

सगळे मीटर, स्विच, दिवे आणि इग्निशनचं कुलूप आणा. स्टीअरिंग आणा, किंवा त्याचा व्यास लिहून आणा. मूळ गाडीच्या डॅशबोर्डाचा समोरून काढलेला फोटो असेल तर फार मदत होते. आसनाच्या चामड्याचा तुकडा आणलात तर लाकडाचे नमुने त्याच्या शेजारी ठेवून, बाहेर उन्हात नेऊन दाखवतो. ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. गाडी अजून चासीवरच असेल तरी या. पुठ्ठ्याचं काम तेव्हापासूनच सुरू करता येतं, आणि त्यात फेरफार करायला काही खर्च येत नाही.