उजवी खिडकी आणि ढगावरचं इंद्रवज्र

गेल्या श्रावणात भाचा पहिल्यांदाच बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं बेंगळूरला निघाला. आदल्या रात्री फोनवर म्हणाला, "मामा, खिडकी मिळाली म्हणजे झालं की! कुठली का असेना." मी म्हटलं, सकाळचं विमान आहे, उजवीकडचीच घे. आणि खाली ढग लागले तर झोपू नकोस.

बेंगळूर आपल्या आग्नेयेला. पावसाळ्यात सकाळचा सूर्य विमानाच्या डाव्या अंगाला येतो. त्या बाजूच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा उन्हात चमकतो, हवेतली धूळ डोळ्यांकडे प्रकाश फेकते आणि शिवार पांढुरकं दिसतं. उजवीकडे सह्याद्रीची कड कशी स्वच्छ! संध्याकाळी परतताना विमानाची दिशा उलटी, पण सूर्यही पश्चिमेला गेलेला, म्हणून तेव्हाही उजवीच. डिसेंबरातल्या सकाळी मात्र सूर्य आग्नेयेलाच, जवळजवळ नाकासमोर असतो; तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच. एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाचा पंख खिडकीच्या वर असतो, त्यामुळे खालचं फारसं झाकत नाही. जेटमध्ये पंखाच्या पुढची रांग बघावी.

पण माझा खरा जीव ढगांत. सूर्याच्या विरुद्ध बाजूला, ढगावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळं उमटतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसतं तेच हे इंद्रवज्र.

हे इंद्रधनुष्य नव्हे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून होतं, सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून ४२ अंशांवर. ढगातले थेंब असतात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. थेंबाच्या अगदी कडेला शिरलेला किरण आत वाकतो, मागच्या भिंतीवर परावर्तित होतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. एवढं करून तो वळतो १६५ अंश. आल्या वाटेनं परतायला हवेत १८०. उरलेले १५ अंश तो थेंबाच्या पृष्ठभागाला चिकटून, लाटेच्या रूपात सरकत पार करतो! थेंबाच्या सगळ्या कडेनं असा परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. कुठे लाटा जुळतात, कुठे एकमेकींना पुसतात. ही जुळणी प्रत्येक रंगाची वेगळ्या कोनात होते, म्हणून वर्तुळं पडतात. तांबडा बाहेरच्या कडेला. थेंब जितके बारीक, तितकं वर्तुळ मोठं.

१८९४ साली स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन हे इंद्रवज्र पाहून भारावले. ते प्रयोगशाळेत घडवायला त्यांनी बाटलीत ढग करायला सुरुवात केली. त्यातूनच अणुकणांच्या वाटा दाखवणारी मेघपेटी जन्मली आणि १९२७ साली त्यांना नोबेल मिळालं.

ढगावरच्या सावलीच्या डोक्याभोवतीच्या अशा वलयाचे फोटो 'दैवी तेज' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात, तेव्हा वाईट वाटतं. या वर्तुळाचं केंद्र नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या सावलीवर असतं. कड्यावर दहाजण उभे राहिले तर प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. मग तेज कुणाचं?

विमान ढगाच्या खूप वर असेल तर सावली विरते, नुसती वर्तुळं धावत राहतात. तीन मीटर जाडीच्या धडाची गडद सावली जेमतेम ३०० मीटर पोचते. ढगाजवळ आलं की सावलीला पंख फुटतात, शेपूट येतं.

भाच्यानं दुपारी फोटो पाठवला. ढगावर विमानाची ठळक सावली आणि वर्तुळाचा मध्य शेपटीच्या जरासा पुढे. मी लगेच फोन केला, "शेवटून दुसरी की तिसरी रांग?"

"तिसरी. तुला कसं कळलं, मामा?"