गंजिफांच्या पानातला चिंचोका

सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यांच्यावरचे फॉरवर्ड वाढले. त्यातलं एक वाक्य हमखास असतं: ‘आपले पूर्वज केमिकलशिवाय पत्ते बनवत.’ केमिकलशिवाय पाणीसुद्धा बनत नाही, पत्ते कुठले बनायला! आणि या पत्त्यांत तर झकास रसायन आहे.

बाबराने १५२७ साली सिंधच्या शहा हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली संच ९६ पानांचा. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे १२० गोल पानं. सावंतवाडीत मरणपंथाला लागलेली ही कला तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून सावरली. हा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. खळीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

जुनं पान कापडाचं. सुती चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, त्यावर खळीतच कालवलेल्या खडूच्या पुडीचा हात द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, मग गोल कापायचं. खळीसाठी चिंचोके भाजून तपकिरी टरफल काढतात, आतला पांढरा गर दळून पाण्यात शिजवतात.

आता चिंचोकाच का? कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या रेणूंची सरळ साखळी. अशा साखळ्या मोळीतल्या कामट्यांसारख्या एकमेकींना बिलगून असतात, म्हणून कापूस पाण्यात विरघळत नाही. भाताच्या पेजेतल्या पिष्टातही ग्लुकोजच असतं, पण तिथला जोड वेगळा, अल्फा, त्यामुळे साखळी पिळदार होते. चिंचोक्याच्या गरात निम्म्याहून अधिक झायलोग्लुकन असतं, तीही साखरेच्या रेणूंची साखळीच. त्याचा कणा सेल्युलोजसारखाच, बीटा-१,४ या प्रकारच्या सरळ जोडांचा. फरक इतकाच, की दर चार ग्लुकोजमागे साधारण तिघांना झायलोज या साखरेची फांदी फुटलेली असते आणि काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज ही आणखी एक साखर. या फांद्यांमुळे त्या साखळ्या एकमेकींत घट्ट बसू शकत नाहीत आणि पाण्यात सुट्या पसरतात. सेल्युलोजचा धागा समोर आला, की मात्र सारख्या कण्यामुळे त्याला लगटतात. खळ वाळताना मधलं पाणी निघून जातं आणि दोन्हींवरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांमध्ये थेट हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी ओढ, जुळतात. वनस्पतीच्या कोवळ्या पेशीभित्तिकेतही झायलोग्लुकन सेल्युलोजच्या तंतूंना असंच बिलगून असतं. विणकर पांजणीत, म्हणजे विणण्याआधी, ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ देतो तिथेही हाच गुण कामी येतो.

कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात. हायड्रोजन बंध पाणी गेल्यावर जुळले, तसे पाणी आल्यावर सुटतातही. खळ फुगते, बुरशी धरते, कसर लागते. पुस्तकं बांधणारे बाइंडर आपल्या खळीत मोरचूद घालतात ते यासाठीच. त्यातलं तांबं बुरशीची विकरं निकामी करतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. केमिकल-फ्रीवाल्यांनी नोंद घ्यावी.

गंजिफांच्या पानावर शेवटी लाखेचा हात असतो. लाख हे किड्याने स्रवलेलं राळेसारखं द्रव्य, पाण्याला सहसा दाद न देणारं, पण तडा गेला की पाणी खालच्या खळीपर्यंत पोचतंच. अल्कोहोलमध्ये मात्र ते विरघळतं. तेव्हा घरात आजोबांच्या वेळच्या गंजिफा असतील तर त्या ओल्या फडक्याने पुसू नका, सॅनिटायझरने तर मुळीच नाही. मऊ कोरडा ब्रश पुरे.