डावाचे विश्लेषण (बुद्धिबळ)

स्पर्धेत खेळलेला डाव पुन्हा पटावर मांडून, कोणती चाल का चुकली हे शोधण्याचा अभ्यास. नाशिककरांना नमुन्यासाठी लांब जावे लागत नाही. शहराचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी (किताब २०१३) याने २०२४ च्या टोरांटो कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) दुसऱ्याच फेरीत काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवले. बर्लिन बचाव या सुरुवातीतला हा डाव, एच३ या घरावरच्या उंटाच्या बळीसह, प्रत्येक शिकाऊ खेळाडूने एकदा तरी हाताने लावून पाहावा.

स्कोअरशीटवर (चाली लिहायचा कागद) चालीपुढे घड्याळाची वेळ टिपलेली असेल, तर निम्मे काम तिथेच होते. जिथे पंधरा मिनिटे गेली तिथली स्थिती कळत नव्हती. जी चाल दहा सेकंदांत झाली तिथे बहुधा समोरची धमकी पाहिलीच नव्हती. फेरी संपल्यावर दालनाबाहेर प्रतिस्पर्ध्यासोबत डाव लावावा. त्याच्या मनात काय होते, हे कोणतेही इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) सांगत नाही. त्याच दिवशी स्वतःचे विचार वहीत उतरवावेत आणि मगच स्टॉकफिशसारखे इंजिन सुरू करावे. आधी इंजिन लावले की उत्तर मिळते, पण आपण ते का शोधू शकलो नाही हे कायमचे झाकले जाते. इंजिन स्थितीचे मूल्यांकन प्याद्यांत देते; त्यातल्या ०.३ आणि ०.५ यांतल्या फरकात शालेय खेळाडूने अडकू नये. मूल्यांकन एकदम दीड-दोन प्याद्यांनी घसरते, ती चाल धरावी.

ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, अभ्यास याच कामाचा भाग आहे. शालेय पातळीवर नेहमी दिसणारी ओळ अशी (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; × म्हणजे मारणे): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५. इथे काळ्याने घोड्याने डी५ वरचे प्यादे मारणे साहजिक वाटते, पण ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह यानंतर डी५ वरचा घोडा वाचवण्यासाठी काळ्या राजाला ई६ वर, भर पटात यावे लागते. म्हणून काळ्याकडून ५... घोडा ए५ खेळतात. ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६ नंतर काळ्याचे एक प्यादे कमी असते. मात्र पांढऱ्याचा उंट आणि घोडा दोघांनाही हटावे लागते आणि तेवढ्यात काळ्याची मोहरी बाहेर पडतात. हे कारण न समजता नुसत्या चाली पाठ केल्या, तर प्रतिस्पर्ध्याने क्रम बदलताच सगळे कोसळते.

हरलेल्या डावाचे खापर ओपनिंगवर फोडण्याची सवय फार आढळते. पंधराव्या चालीला स्थिती समान असेल आणि डाव हत्तींच्या अंतिम टप्प्यात गेला असेल, तर ओपनिंग बदलून काही साधत नाही. तो टप्पाच शिकावा लागतो. उलट, जिंकलेल्या डावातली ओपनिंगची चूक कोणी तपासत नाही आणि पुढच्या स्पर्धेत तीच महागात पडते.